तीन परके आणि एक घाट

‘फास्ट अँड फ्युरिअस’ ही मालिका तुम्ही पाहिली नसली तरी तिच्याबद्दल ऐकलं असेलच. गाड्या, धूर, दंडाचे स्नायू आणि ‘कुटुंब’ या शब्दाचा अखंड जप. या मालिकेतला तिसरा चित्रपट, २००६ सालचा ‘टोकियो ड्रिफ्ट’, हा घरातल्या सावत्र मुलासारखा वाढला. आधीच्या भागांतले नायक त्यात नाहीत. विन डीझल अगदी शेवटी मिनिटभर दर्शन देऊन जातो. तिकीटबारीवर मालिकेतली सर्वात कमी कमाईही याच चित्रपटाची. जगभरातून साधारण १६ कोटी डॉलर. आपल्याला ही रक्कम प्रचंड वाटते, पण साडेआठ कोटी खर्चून बनवलेल्या हॉलिवूडपटाचा निर्माता त्यावर सुस्कारा सोडतो.

तरीही, परदेशात राहणाऱ्या माणसाने या मालिकेतला एकच चित्रपट पाहायचा ठरवलं तर मी याचंच नाव घेईन. कारण साधं आहे. पुढच्या भागांत ही मंडळी रिओला जातात, लंडनला जातात, अबू धाबी आणि हवानालाही जातात, पण कुठेही परकी नसतात. विमानतळावरून थेट गाडीत, गाडीतून थेट मारामारीत. कोणाला रस्ता चुकत नाही, कोणाला फॉर्म भरावा लागत नाही, जेवण काय मागवायचं हे कळत नाही म्हणून कोणी उपाशी राहत नाही. ‘टोकियो ड्रिफ्ट’चा नायक मात्र नव्या शहरात पहिला अर्धा तास नुसता बावळट ठरतो. तो बावळटपणा दिग्दर्शक जस्टिन लिन याला नेमका ठाऊक आहे. लिनचा जन्म तैपेईचा, बालपण कॅलिफोर्नियातलं.

गोष्ट दोन ओळींची. शॉन बॉसवेल हा अमेरिकन शाळकरी मुलगा एका मुलीवरून शर्यत लावतो, बांधकाम चालू असलेल्या वसाहतीतून गाडी हाकतो, घरं पाडतो. तुरुंग टाळायचा तर वडिलांकडे टोकियोला जा, असं ठरतं. वडील अमेरिकन नौदलात. (इथे पटकथेने एक गैरसोय गिळून टाकली आहे. जपानातल्या अमेरिकन तळांवर अमेरिकन शाळा असतात, त्यामुळे जपानीचा एक शब्द न येणारा हा मुलगा जपानी शाळेत कशाला जाईल? पण तो तिथे गेला नाही तर चित्रपटच होत नाही.)

शाळेच्या पहिल्या दिवशी तो बूट घालून वर्गात शिरतो आणि शिक्षिका ‘उवाबाकी’, ‘उवाबाकी’ म्हणत राहते. शाळेच्या आत घालायचे वेगळे बूट, एवढाच त्याचा अर्थ. शॉनला वाटतं, काहीतरी गंभीर गुन्हा घडला. मी गेली काही वर्षं टोकियोजवळच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे आणि तुम्हाला खात्रीने सांगते, की या देशात परक्या माणसाचा पहिला अपमान हमखास पायांत होतो. कोणी ओरडत नाही. समोरचा माणूस फक्त तुमच्या पायांकडे बघतो आणि मग फार नम्रपणे दुसरीकडे बघतो.

यानंतर येते पार्किंगच्या बहुमजली इमारतीतली शर्यत. माझ्या मते चित्रपटाची पहिली वीस-पंचवीस मिनिटं याच प्रसंगासाठी रचलेली आहेत. शॉनला वाटतं, आपल्याला गाडी येते. त्याची समजूत अशी, की ताकदवान इंजिन घ्यायचं आणि पाय दाबून ठेवायचा. समोर ताकाशी, म्हणजे ‘डीके’, ड्रिफ्ट किंग. ताकाशीची निसान चक्राकार चढणीवरून आडवी घसरत, भिंतीपासून वीतभर अंतर राखत वर जाते, आणि शॉन उसनी घेतलेली निसान सिल्विया प्रत्येक भिंतीला, खांबाला, उभ्या गाड्यांना घासत, ठोकत, शेवटी भंगार करून वर पोचतो. मायदेशात हुशार म्हणून नावाजलेल्या माणसाची परदेशातली पहिली सहामाही याहून नेमकी मी पडद्यावर पाहिलेली नाही.

माझं संशोधन रबराच्या घर्षणावर आहे, तेव्हा इथे थोडं विषयांतर चालवून घ्या. टायर रस्त्याला धरतो तो किंचित घसरत असतानाच. अजिबात न घसरणारा टायर गाडीला ना वळवू शकतो, ना थांबवू शकतो. घसरण वाढली तशी पकडही एका मर्यादेपर्यंत वाढते, मग एक शिखर येतं आणि त्यापुढे पकड कमी होत जाते. तुमच्याआमच्यासारखे चालक त्या शिखराच्या अलीकडे राहतात. चुकून पलीकडे गेलो तर घाबरून ब्रेक दाबतो, आणि गाडी गरगरा फिरते. ड्रिफ्ट करणारा मुद्दाम पलीकडे जातो. मागची चाकं सुटू देतो, पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला धरतो आणि ॲक्सिलरेटरवरच्या पायाने ती सुटलेली अवस्था टिकवतो. कोरड्या डांबरावर यात वेळ वाचत नाही, उलट जातो. म्हणून ड्रिफ्टिंगच्या खऱ्या स्पर्धेत, जपानात २००१च्या सुमारास सुरू झालेल्या ‘डी वन’मध्येही, घड्याळ नसतं. परीक्षक गाडीचा कोन, मार्ग आणि वेग पाहून गुण देतात. नाचाच्या स्पर्धेसारखंच म्हणा ना. चित्रपटाला हे सोयीचं नाही. त्याला शर्यत हवी आणि शर्यतीला जिंकणारा हवा. म्हणून त्याने ड्रिफ्टला जिंकण्याचं हत्यार केलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

टोकियोबद्दल थोडंच बोलते. आडवळणाचे काही प्रसंग आणि बराचसा घाट कॅलिफोर्नियात चित्रित झालाय. शिबुयाच्या प्रसिद्ध चौकात गर्दी दुभंगते आणि गाड्या आडव्या घसरत जातात, ते दृश्य तर जुळवाजुळवीचं आणि संगणकाचं काम आहे. लिनने मुलाखतींत सांगितलं आहे, की त्याच्याकडे आलेल्या मूळ कल्पनेत बुद्धमूर्ती आणि गेइशांभोवती गाड्या फिरत होत्या आणि त्याने ते आधी काढायला लावलं. त्याबद्दल त्याचे आभार. उरलेलं टोकियो म्हणजे दुकानांचे दिवे, अरुंद गल्ल्या आणि कोंबड्याच्या खुराड्याएवढी घरं. ठीकच. खटकतं ते वेगळं. शॉन आला की शहर इंग्रजी बोलू लागतं. शाळा, गुंड, गॅरेजवाले, यच्चयावत सगळे. बूट बदलायला लागल्याची फजिती दाखवणाऱ्या चित्रपटाने भाषेची फजिती आठवड्याभरात मिटवून टाकावी, हे जपानीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणाऱ्या माणसाला सहन होत नाही.

आता हानकडे वळू. शॉन हा या शहरात आलेला एक परका, तर हान हा दुसरा, आणि चित्रपटाचा जीव त्याच्यात आहे.

सुंग कांग या नटाने केलेली ही भूमिका लिनच्या २००२ सालच्या ‘बेटर लक टुमॉरो’मधून आली. आशियाई-अमेरिकन शाळकरी मुलं, उत्तम गुण मिळवता मिळवता गुन्हेगारीकडे वळणारी, असा तो चित्रपट. सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांतल्या एकाने विचारलं होतं, की स्वतःच्या समाजाचं असं चित्र का रंगवता. समीक्षक रॉजर ईबर्ट उभा राहून ओरडला होता, की गोऱ्या दिग्दर्शकाला हा प्रश्न कोणी विचारला नसता. त्या चित्रपटातला सिगरेट ओढणारा हान इथे काही वर्षांनी टोकियोत सापडतो. आता त्याच्या हातात सिगरेट नाही. त्याऐवजी सतत काहीतरी चघळणं चालू असतं. चिप्स, शेंगा, जे हाताला लागेल ते.

हान गच्चीवर उभा राहून खालच्या गर्दीकडे बघतो. शॉन विचारतो, इथे कसा आलास. हान जुन्या वेस्टर्न चित्रपटांची आठवण काढतो. त्यांत पाठलाग होणारे काउबॉय सीमा ओलांडून मेक्सिकोत पळतात. टोकियो हा आपला मेक्सिको, असं त्याचं म्हणणं. कशापासून पळाला ते तो सांगत नाही, चित्रपटही सांगत नाही. आशियाई चेहऱ्याचा हा अमेरिकन माणूस आशियात ‘पळून’ येतो, आणि तिथे त्याला कोणी ‘गाइजिन’ म्हणत नाही, कारण चेहरा गर्दीत मिसळतो. पण तो जपानी नाही, ताकाशीच्या धंद्यात भागीदार आहे तरी त्यांच्यातला नाही, आणि हे त्याला एकट्यालाच माहीत आहे. शॉनचं परकेपण दुरून दिसतं म्हणून त्याची चेष्टा होते, पण त्याला मदतही मिळते. हानचं परकेपण कोणाला दिसतच नाही.

शॉनने फोडलेली गाडी हानची होती. त्या बदल्यात हान त्याला कामाला लावतो, ड्रिफ्टिंगही शिकवतो. कोणी विचारतं, या पोरात काय बघितलंस? हान म्हणतो, पैसे माझ्याकडे आहेत, कमी आहेत ती विश्वासाची माणसं. एक गाडी गेली तर काय, त्या मोबदल्यात एका माणसाची पारख झाली. परदेशात पहिल्या वर्षी तुम्हाला कोणीतरी असं भेटलं असेल. न मागता गाडी देणारं, भाड्याच्या घराला जामीन राहणारं, इमिग्रेशनच्या कचेरीत सोबत येणारं. त्या माणसाने तुमच्यात काय पाहिलं हे तुम्हाला अजून कळलेलं नसेल. सुंग कांग ते काहीही न करता दाखवतो. बरोबरीच्या नटांनी डोळे वटारून आणि गुरकावून जे साधलं नाही ते तो चिप्सचं पाकीट फोडता फोडता साधतो.

हानच्या वसुलीच्या कामासाठी शॉन एकदा स्नानगृहात जातो आणि एका अवाढव्य माणसाकडून मार खाऊन परततो. प्रसंग विनोदी आहे, अर्ध्या मिनिटात संपतो. पण तो अवाढव्य माणूस म्हणजे कोनिशिकी आहे, खराखुरा सुमो मल्ल. जन्म हवाईचा. ओझेकी या दुसऱ्या क्रमांकाच्या पदापर्यंत पोचलेला पहिला परदेशी, साल १९८७. त्याने तीन स्पर्धा जिंकल्या, पण सर्वोच्च योकोझुना पद त्याला मिळालं नाही. ते परकेपणाच्या कारणावरून नाकारलं गेलं का, यावर १९९२ साली मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी ते पद हवाईच्याच आकेबोनोला मिळालं, म्हणजे दार कायमचं बंद नव्हतं, पण उघडायला किती जोर लागतो ते दिसलं. कोनिशिकीने नंतर जपानी नागरिकत्व घेतलं. आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागात, जिथे निशी-कासाईची भारतीय वस्ती आहे, योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ स्थानिक सभागृहावर निवडून आले. तिथेही आधी नागरिकत्व, मग उमेदवारी. आणि अर्थात त्याआधी कित्येक वर्षं भाषा.

चित्रपटातला शॉन काय करतो? बंदरावर काही दिवस सराव करतो. (धक्क्यावर गळ टाकून बसलेला आणि त्याच्या चुका बघून शेरे मारणारा म्हातारा कोळी नीट बघा. तो केइइची त्सुचिया आहे, ज्याला खरोखरच ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणतात, ज्याने घाटातल्या ड्रिफ्टिंगला नाव मिळवून दिलं. त्याला चित्रपटात मासे पकडायला बसवलंय.) मग ताकाशीच्या याकुझा काकासमोर उभा राहून शर्यतीचा प्रस्ताव मांडतो. काका म्हणजे सोनी चिबा, दोन प्रसंगांत चित्रपट खिशात घालतात. अट अशी, की हरेल त्याने शहर सोडायचं. शर्यत ताकाशीच्याच घाटात. शॉन जिंकतो, ताकाशी जातो, आणि ‘डीके’ ही पदवी नव्या मालकाला मिळते. कोनिशिकीला ज्याच्यासाठी आयुष्य पुरलं नाही ते शॉनने एका सत्रात मिळवलं, भाषा न शिकता. तेही वडिलांच्या जुन्या अमेरिकन मस्टँगमध्ये, जिच्या पोटात त्या फुटलेल्या सिल्वियाचं जपानी इंजिन बसवलंय. वर अमेरिकन पत्रा, आत जपानी यंत्र. कल्पना म्हणून वाईट नाही, आपल्यापैकी बऱ्याच जणांची बांधणी अशीच मिश्र आहे. पण जिंकल्याशिवाय इथे राहता येत नाही आणि जिंकलं की सगळं मिळतं, हा हिशेब मला पटत नाही. ड्रिफ्टमधून घड्याळ काढून टाकणाऱ्या देशात येऊन चित्रपटाने घड्याळ परत लावलं.

हे सगळं मी एक वेळ सोडून दिलं असतं. माझी खरी तक्रार नीलाबद्दल आहे.

नीला ही इथली तिसरी परकी. नॅटली केली या पेरूत जन्मलेल्या, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या नटीने ती केली आहे. नीलाची आई परदेशातून होस्टेसच्या कामासाठी टोकियोत आली. आई लवकर गेली, ताकाशीच्या आजीने मुलीला वाढवलं. शॉनला शाळेत ‘गाइजिन’ म्हणतात तेव्हा नीला सांगते, की हा शब्द तिने लहानपणापासून ऐकला आहे. म्हणजे ती इथेच वाढलेली, इथली भाषा बोलणारी, इथलं अन्न खाणारी, आणि तरी बाहेरची. ‘गाइजिन’चा शब्दशः अर्थ बाहेरचा माणूस. आपल्या भाषेतही त्याची भावंडं आहेत, उपरा, परका, आणि ‘परप्रांतीय’ हा शब्द आपण मुंबईत कोणाला आणि कोणत्या सुरात म्हणतो तेही आठवा.

शॉन कधीही परत जाऊ शकतो. हान कुठूनतरी आला आहे. नीलाला परत जायला जागाच नाही. तुमची मुलं जपानात, इंग्लंडात, जर्मनीत, दुबईत वाढत असतील तर तुम्ही शॉन आहात आणि ती नीला आहेत. जपानात नागरिकत्व जन्मस्थानावरून मिळत नाही, आईवडिलांवरून मिळतं. माझ्या शेजारच्या मराठी कुटुंबातली नऊ वर्षांची मुलगी मला जपानी बोलताना दुरुस्त करते, आजीशी व्हिडिओवर मोडकं मराठी बोलते, आणि तिच्या खिशातलं ओळखपत्र तिला परदेशी रहिवासी म्हणतं. तिला कोणी विचारलं, की तू कुठली, तर ती आधी विचारणाऱ्याकडे बघते, की याला कोणतं उत्तर हवंय.

चित्रपटाला या मुलीची चाहूल लागली होती. रात्री नीला शॉनला घाटात घेऊन जाते. गाडी ती चालवते. मागेपुढे आणखी काही गाड्या, त्यांच्यात शर्यत नाही. सगळ्या एका लयीत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे घसरत चढतात, कोणी कोणाला मागे टाकत नाही. ती स्वतःची गोष्ट शांतपणे सांगते आणि सांगता सांगता सफाईने गाडी आडवी करते. हेच ते घड्याळाशिवायचं ड्रिफ्टिंग. जिंकायचं नाही, हरायचं नाही, इथे वाढल्यामुळे हाताला आलेली गोष्ट करायची. मालिकेच्या दहा भागांतलं मला सर्वात आवडणारं दृश्य हे आहे आणि ते तीन-चार मिनिटांचं आहे.

त्यानंतर नीलाच्या हाती स्टीअरिंग येत नाही. ती ताकाशीच्या बाजूने शॉनच्या बाजूला सरकते, आणि अंतिम शर्यतीत काठावर उभी राहून, श्वास रोखून वाट बघते. चित्रपट सुरू झाला तेव्हा अमेरिकेत एका मुलीला शर्यतीचं बक्षीस ठरवलं होतं आणि आपल्याला ते बाष्कळ वाटावं अशीच मांडणी होती. शंभर मिनिटांनी, महासागर ओलांडून, दुसरी मुलगी तिथेच उभी आहे. फक्त आता ते आपल्याला बाष्कळ वाटू नये अशी अपेक्षा आहे. घाट ज्यांना पाठ आहे अशा दोघांपैकी एक ताकाशी आणि दुसरी नीला. शॉनच्या जागी तिला बसवायला पटकथेला एक पान पुरलं असतं. मग शहर कोणी सोडायचं, या प्रश्नाला काही अर्थ आला असता, कारण नीलाला सोडायला दुसरं शहर नाही.

तेवढं धाडस झालं नाही. प्रेक्षकांनी हानवर मात्र जीव लावला. इथे शिबुयाच्या पाठलागात मरणारा हान लोकांना इतका हवाहवासा झाला, की पुढचे तीन चित्रपट काळात मागे सरकवून त्याला जिवंत ठेवलं गेलं, आणि २०२१च्या नवव्या भागात, पुन्हा लिनच्याच दिग्दर्शनाखाली, तो मेलाच नव्हता असं जाहीर झालं. त्याच भागात शॉनही परतला, त्याचा अमेरिकन मित्र ट्विंकीही, आणि गॅरेजमधला अर्लही. तिघं जर्मनीत रॉकेटचं इंजिन लावलेली गाडी बनवत होते. नीला कुठे असते, हे तिथे कोणी विचारत नाही.